वाचकांचे प्रश्न : चोरबाजारातील जुना ग्रामोफोन

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नागपूरहून दोन दिवसांसाठी मुंबईला जाणार आहोत आणि चोरबाजार पाहण्याची आमची फार दिवसांची इच्छा आहे. वडिलांच्या संग्रहातील तबकड्या घरी पडून आहेत. त्या वाजवण्यासाठी तिथे जुना ग्रामोफोन मिळाल्यास घ्यावा का? तसेच जर्मनीत राहणाऱ्या बहिणीसाठी रविवर्मा प्रेसचे एखादे जुने छापील चित्र घेतले, तर तिला ते परदेशी नेता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अवश्य जा, मात्र निघण्यापूर्वी घरच्या तबकड्या एकदा नीट पाहून घ्या. लाखेपासून केलेल्या जुन्या तबकड्या जड आणि ठिसूळ असतात, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि एका बाजूस साधारण तीन मिनिटेच वाजतात. चावीचा ग्रामोफोन केवळ त्यांच्यासाठी आहे. तबकडी हलकी व किंचित लवचीक असेल आणि तिच्यावर ३३ किंवा ४५ हा आकडा असेल, तर चावीच्या यंत्राची जाड पोलादी सुई तिची खाच पहिल्याच वेळी खरवडून टाकील, म्हणून अशा तबकड्यांसाठी विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअरच घ्यावा.

ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड या स्थानकांवर उतरून भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटला, म्हणजेच चोरबाजारात, जाता येते. तेथील दुकाने शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर जुन्या सामानाचा वेगळा बाजार भरतो आणि तो सकाळी लवकर गाठावा लागतो. ग्रामोफोन घ्यायचा असल्यास शुक्रवार सोडून जावे, कारण यंत्र वाजवून पाहायला दुकानात जसा निवांतपणा मिळतो तसा रस्त्यावर मिळत नाही.

चकचकीत पितळी कर्णा पाहून भुलू नये. नवा कर्णा, नवी लाकडी पेटी आणि कुठल्यातरी जुन्या यंत्राची मोटर असे एकत्र जोडलेले ग्रामोफोन भारतात मोठ्या संख्येने तयार होतात आणि जुने म्हणून विकले जातात. पेटीचे स्क्रू पाहावेत : अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू दिसले, तर निदान तेवढी जोडणी नंतरची आहे असे समजावे. चावी ज्या भोकातून आत जाते त्याच्या कडेला वर्षानुवर्षांच्या वापराची झीज असते, लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालेले असते. ताज्या यंत्रात ती कड धारदार आणि पांढुरकी दिसते. त्यानंतर घरची एक तबकडी, शक्यतो फारशी मोलाची नसलेली, सोबत नेऊन पूर्ण चावी दिल्यावर तिची अख्खी बाजू ऐकावी. शेवटाकडे सूर खाली उतरत गेला, तर स्प्रिंग थकली आहे किंवा आतले वंगण घट्ट झाले आहे. असा दोष दुरुस्त होऊ शकतो, पण तो किमतीत धरलाच पाहिजे. पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरायची असते, म्हणून यंत्राबरोबर सुयांची डबीही मागून घ्यावी. घासाघीस तिथे सर्वमान्य आहे आणि दोष दाखवून केलेली मागणी विक्रेतेही ऐकून घेतात.

छापील चित्रासाठी एक भिंग पुरेसे आहे. अलीकडच्या छपाईत रंगांचे ठिपके एकसारख्या अंतरावर, ओळीने बसलेले दिसतात. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, ते लहानमोठे आणि विखुरलेले असतात. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला, तेव्हा त्याची सुरुवातीची चित्रे आता शंभरी ओलांडून गेली आहेत, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा नेमका इथेच आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. चित्र त्याहून अलीकडचे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेऊनच बहिणीने प्रवास करावा, कारण विमानतळावर दुकानदाराच्या पावतीवरून वय सिद्ध होत नाही. चित्र खरोखर जुने निघाले, तर ते तुमच्याच घरी लावावे आणि बहिणीला नव्या छपाईची चांगली प्रत द्यावी, असे मी सुचवीन. काचेमागे चित्राला थेट ऊन लागू देऊ नये आणि ते गुंडाळूनही ठेवू नये. जुना कागद ठिसूळ झालेला असतो व उलगडताना तडकतो.