एवढी चरबी, तरी बाबांना थंडी का वाजते?

ताई, बाबा ७२ वर्षांचे, पोट सुटलेलं, पहाटे नागपुरात फुटाळा तलावावर फिरायला जातात आणि घरात सगळ्यांत जास्त तेच काकडतात. एवढी चरबी असून असं का, आणि डिंकाचे लाडू वाढवू का, हा तुमचा प्रश्न.

पोटावरची पांढरी चरबी म्हणजे गोदाम आणि थोडीफार दुलई. ग्रॅममागे ९ कॅलरी साठवते, पण जळते दुसरीकडे. गारठा लागला की नॉरॲड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं, गोदामातून फॅटी ॲसिड रक्तात उतरतात. त्यातली काही स्नायूंत जळतात, साखरेसोबत. दातावर दात आपटतात ती हुडहुडी हीच. काही जातात तपकिरी चरबीत.

खरी गंमत तिथे आहे. तोतलाडोह धरणाचं पाणी टर्बाइनवरून उतरलं तर वीज होते, सांडव्यातून सोडलं तर नुसताच खळखळाट. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, प्रोटॉन नावाचे कण असेच उतरतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, तयार होतं. तपकिरी चरबीत यूसीपी-१ नावाचं प्रथिन सांडवा उघडून देतं. एटीपी होत नाही, नुसती ऊब निघते. तान्ह्या बाळाला धड कुडकुडता येत नाही, ते याच चरबीवर तगतं.

मोठेपणी ती उरत नाही, असंच आम्ही शिकलो होतो. मी पीईटी स्कॅनच्या विभागात नोकरी केली. त्यात किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात, ती जिथे जास्त शोषली जाते तो भाग चित्रात उजळतो. जानेवारीत सकाळी सकाळी दुचाकीवरून आलेल्या पेशंटचे मानेजवळचे, कॉलरबोनच्या वरचे भाग दोन्हीकडे लख्ख उजळायचे. कर्करोगाच्या गाठी तर नाहीत ना, म्हणून आमच्याच पोटात गोळा! म्हणून इंजेक्शनच्या आधीपासूनच ब्लँकेट द्यायचो, एसी बंद. ही तपकिरी चरबीच, हे २००९ साली एकाच अंकात आलेल्या तीन अभ्यासांनी पक्कं केलं.

वयाबरोबर ती घटते, स्थूल माणसात सहसा कमीच सापडते, आणि म्हातारपणी स्नायूही ओसरतात. बाबांचं गोदाम भरलेलं आहे, शेगडी लहान झाली आहे. लाडू म्हणजे त्याच गोदामात आणखी एक पोतं. शिवाय तूप पचवताना अंगात फारशी उष्णता होत नाही, डाळ-अंडं पचवताना जास्त होते. लाडू एकच द्या, तोही साखर तपासून.

कानटोपी घालूनच पाठवा, तेही ऊन आल्यावर. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तसल्या पहाटे तर घरीच बसवा. आणि हे काकडणं यंदाच वाढलं असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करून घ्या.