लाजायला सांगू नका, हातांना काम द्या

प्रिय 'जिन्यावर अडलेला',

बारा मिनिटांचा तुमचा पहिला लघुपट, विषय शाळेतलं तुमचं स्वतःचं अबोल प्रेम. कलाकार १५ आणि १६ वर्षांचे. जिन्यावर एकमेकांकडे बघायची वेळ आली की मुलाला हसू आवरत नाही, मुलगी 'लाजून दाखवते', आणि शेवटच्या हात धरण्याच्या प्रसंगाला ती टाळाटाळ करते आहे. शिवाय ही गोष्ट जिची, तिला कळवावं की नाही, या विचारानं तुमची झोप उडाली आहे.

आधी टाळाटाळीचं बोलू. तो नकार आहे, नकार म्हणूनच घ्या. 'तिला न सांगता त्याला हात धरायला लाव, खरी प्रतिक्रिया मिळेल' असं सेटवर कुणीतरी सुचवेल. ऐकू नका. मुलीचा विश्वास जाईल, आणि पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये तिचे खांदे आखडलेले दिसतील. फसवून मिळालेली दचक दुसऱ्या कोनातून पुन्हा मिळतही नाही, त्यामुळे संकलनात ती जोडता येत नाही. त्याऐवजी वही द्या. तो वही पुढे करतो, ती धरते, आणि क्षणभर दोघंही सोडत नाहीत. कोणता हात, बोटं कुठे, आधी कोण सोडणार, हे पालकांसमोर, नाचाच्या स्टेप बसवतात तसं ठरवून घ्या. चित्रीकरणाच्या वेळी गरजेपुरतीच माणसं आत ठेवा.

आता नजरेचं. तुमच्या पटकथेत 'तो प्रेमानं बघतो' असं लिहिलंय. हे कुणालाच करता येत नाही, आठ माणसं रोखून बघत असताना तर नाहीच. मुलगा हसतो तो त्या ताणानं. त्याला करता येईल असं काम द्या: तिच्या बाहीवरचा शाईचा डाग आजचा की कालचा, ते बघ. तिला सांगा, बुटाची नाडी बांध आणि मागून येणारी पावलं थांबतात का ते ऐक. लाजरा माणूस समोरच्याचं लक्ष नसताना बघतो आणि पकडला गेला की नजर काढून घेतो. म्हणजे बारा मिनिटांत दोघांची नजरानजर एकदा झाली तरी पुरे.

बाकीचे शॉट दोघांचे वेगवेगळे घ्या आणि संकलनात जोडा. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हनं शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि स्त्री यांच्या शॉटना जोडला होता. प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींच्या २००८ च्या 'शिरीन' या चित्रपटात शंभराहून अधिक अभिनेत्री सिनेमा बघताना दिसतात. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याजवळच्या कागदावरचे ठिपके बघत होत्या.

तुम्हीही तेच करा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लावून साधारण तीन मीटरवर थांबलात की डोक्यापासून छातीपर्यंतची चौकट मिळते, आणि कॅमेरा मुलांच्या अंगावर येत नाही. लेन्सच्या अगदी बाजूला टेपचा तुकडा लावा आणि त्यावर बघायला सांगा. एक जण वरच्या पायरीवर आहे, तेव्हा खालच्यासाठी टेप लेन्सच्या वर आणि वरच्यासाठी खाली. टेप लेन्सपासून फार लांब गेली तर मुलगी झाडावरचा कावळा बघतेय असं वाटेल. तो पडद्यावर उजवीकडे बघत असेल तर ती डावीकडे बघायला हवी. दोघं एकाच बाजूला बघायला लागले की ते तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असा भास होतो. संवाद संपल्यावरही वीस-तीस सेकंद कॅमेरा चालू ठेवा, मात्र तसं दोघांना आधी सांगून. चार-पाच टेकनंतर थांबा किंवा काम बदला. पुन्हापुन्हा केलेला संकोच घोटून गुळगुळीत होतो.

जिन्याची शांतता विसरू नका. सगळे तिथेच असताना, माइक न हलवता, मिनिटभर ती रेकॉर्ड करा. संवादांमध्ये ध्वनिपट कोरा राहिला तर प्रेक्षकाला आवाज बंद पडल्यासारखा वाटतो, आणि तुमचा निम्मा सिनेमा तर गप्प बसण्याचा आहे.

तिला कळवावं का? हो, आणि चित्रीकरणाआधी. तुमची धडधड तुमची आहे, ती खुशाल वापरा. पण तिचं टोपणनाव आणि तिनं लिहिलेली चिठ्ठी जशीच्या तशी घेतली आहे, ते तिचं आहे. वर्गातले जुने सोबती लगेच ओळखतील. निरोप छोटा ठेवा: 'शाळेच्या दिवसांवर लघुपट करतोय. त्यातली मुलगी काही अंशी तुझ्यावरून सुचली. नाव आणि चिठ्ठी बदलतो आहे. आणखी काही बदलावंसं वाटलं तर सांग.' भेटीचा आग्रह नको, जुना हिशेब नको. उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका. बदललेली पटकथाच चित्रित करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. शेवटी ती वळून हसते असं तुम्ही लिहिलंय, पण ती हसली असती की नाही हे तुम्हाला माहीत नाही. ती पूर्ण बारा मिनिटं फक्त बघितली जाण्यासाठी उभी आहे. तुमची नटी 'लाजून दाखवते' त्याचं कारण हेच: पटकथेनं तिला दुसरं काही करायला दिलेलंच नाही. निदान एक प्रसंग असा लिहा, ज्यात तो मुलगा आसपासही नाही आणि तिला स्वतःचं काहीतरी हवं आहे. तो तालमीत आधी बसवा, मग जिन्यावर या.