रंकाळ्यावरून पन्हाळ्याकडे

प्रश्न : मी रोज पहाटे रंकाळ्याच्या काठाने सायकल चालवतो. आता चढाचा सराव हवा आहे. थेट पन्हाळा गाठावा का?

उत्तर : अवश्य गाठावा, पण घाईने नव्हे. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आणि शहराहून जवळपास ४०० मीटर उंच आहे. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडल्यावर केर्लीपर्यंत रस्ता बराचसा सपाट असून बहुतेक चढ पुढे वाघबीळच्या बाजूला एकवटलेला असल्यामुळे, आरंभीच जोर लावणाऱ्याचे पाय घाटात बोलू लागतात. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत, कारण रिमवर दाबणारे ब्रेक असल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून अंतर राखावे. त्यांच्या मागे दिवा असेलच, असे समजणे धाडसाचे आहे.