ऑफिसातली अर्धमेली झाडं कशी ओळखायची, आणि वाचतील का?

तुमचा प्रश्न असा की नव्या ऑफिसात पाच-सहा कुंड्या कोपऱ्यात पडून आहेत, झाडांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, निम्म्यांनी माना टाकल्यात. टाकून द्यायची की ठेवायची?

नाव नंतर बघू. आधी मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. माती कोरडी ठाक असेल तर झाड तहानलेलं आहे. माती ओली आणि झाड तरीही मलूल असेल तर बहुतेक मुळं कुजलीत. पानं दोन्हीत सारखीच लोंबतात, म्हणून लोक दोन्हीला पाणीच घालतात. माझ्या पाहण्यात ऑफिसातली झाडं दुर्लक्षाने कमी मरतात. 'आज कुणी पाणी घातलं नसेल' असं समजून चौघांनी पाणी घातल्याने जास्त मरतात. (उरलेला चहा ओतणारे वेगळेच.) कुंडीभोवती बारीक काळी चिलटं दिसली तर माती सतत ओली राहतेय.

आता ओळख. बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या पानांची लांबलेली वेल म्हणजे मनी प्लांट. बुडाशी टक्कल पडलं असलं तरी वेलीचे तुकडे करा, प्रत्येकात एक तरी पेर (पान फुटतं तो सांधा) हवं, आणि पाण्यात ठेवा. काही आठवड्यांत मुळं फुटली की त्याच कुंडीत खोचा. तलवारीसारखी उभी पानं असतील तर तो स्नेक प्लांट. शोधताना सान्सेव्हिएरिया आणि ड्रॅसिना अशी दोन नावं सापडतील, झाड एकच. पांढऱ्या, होडीसारख्या फुलाची पीस लिली पाणी कमी पडलं की पार आडवी होते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. मोठ्या पानांवर पांढुरके ठिपके असले तर डिफेनबाखिया असेल. त्याची छाटणी हातमोजे घालूनच करा, चीक तोंडाला लागला तर जीभ सुजते. जाड दांडा असलेलं झाड वाळल्यासारखं वाटलं तर साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं, तर जीव आहे.

तहानलेल्या कुंडीला वरून पाणी घालून भागत नाही. पार सुकलेली माती पाणी पटकन धरत नाही, ते कडेने वाहून ताटलीत येतं. कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात ठेवा आणि मग पूर्ण निथळू द्या. कुजलेल्याचं काम जास्त किचकट आहे. झाड उपटा, तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारी मुळं कापा, टणक ठेवा, आणि नव्या कोरड्याशा मातीत लावा. कुंडी तेवढीच किंवा लहान घ्या, कारण मोठ्या कुंडीत पाणी साचून पुन्हा तेच होतं. खत आत्ता अजिबात नको. कुंड्या खिडकीजवळ आणा, पण एकदम कडक उन्हात नको, पानं भाजतात. आणि पाणी घालायला एकच माणूस नेमा.

जाड देठावर चकचकीत पानांच्या दोन रांगा असल्या, तर तो झीझी प्लांट. त्याची कुंडी घाईने टाकू नका. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात. ते टणक असतील तर वरचं सगळं वाळलं तरी फुटवा येतो. माझ्या कुंडीत तीन महिने नुसती माती होती. चौथ्या महिन्यात कोंब आला, तोवर कुणीतरी त्यात दोन पेन्सिली खोचून ठेवल्या होत्या.