चिंचेरोला मुक्काम कर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा पेरू देशातल्या सहलीचा बेत वाचला. कुस्को शहरातून सकाळी निघून चिंचेरो, मोराय आणि मारास ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवसात उरकायची, असं ठरवलं आहेस. माझं ऐक, चिंचेरोला रात्री राहा. सहलीच्या बसगाड्या थोडा वेळ थांबून निघून जातात, आणि गाव आपल्या कामाला लागलेलं दिसतं ते त्या गेल्यावर.

पण आधी उंचीचा विचार कर. चिंचेरो सुमारे ३,७६० मीटरवर आहे; आपलं कळसूबाई १,६४६. कुस्कोच ३,४०० मीटरवर, म्हणून विमानातून उतरल्यावर थेट वर न जाता खाली ओयांतायतांबो गावी दोन-तीन रात्री काढ. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. डोकं दुखलं, अन्न नकोसं झालं, तर पुढे चढायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. यात धाडस दाखवू नकोस. कोका, म्हणजे ज्यापासून कोकेन काढतात ते झुडूप, त्याच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, खुशाल पी. पानं मात्र सामानात आणायची नाहीत, आपल्याकडे तो गुन्हा आहे.

कुस्कोहून चिंचेरोला वडापसारख्या गाड्या सुटतात, त्यांना कोलेक्तिवो म्हणतात. चिंचेरोच्या चौकातली कोनाड्यांची, इंका काळातली भिंत सगळेच बघतात. तू विणकाम बघ, आणि निवांत बघ. बायका चालता-बोलता चातीवर लोकर कातत असतात. लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा. त्यात लिंबाचा रस पडला की छटा पालटते. मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं विणणारीच्या कंबरेला बांधलेलं असतं. नक्षी कागदावर नसते, बोटांत असते. नीट विणलेल्या शालीत कित्येक आठवडे गेलेले असतात, म्हणून तिथे घासाघीस करू नकोस. परवडत नसेल तर अरुंद पट्टा घे, पण सांगतील त्या किमतीला घे. फोटो विचारूनच काढ.

जून-जुलैत आकाश निरभ्र असतं आणि रात्री पाणी गोठतं. त्याच थंडीत बटाटे उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवतात; त्याला चुन्यो म्हणतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. जेवणात आले तर नाही म्हणू नकोस. तू शाकाहारी आहेस, तेव्हा किन्वा या तिकडच्या धान्याच्या सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, ते आधी विचार.

गावाशेजारी आंतरराष्ट्रीय विमानतळाचं काम चालू आहे. त्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत: कुणाला रोजगार दिसतो, कुणाला गेलेली शेतं. यजमान बोलले तर ऐकून घे, आपलं मत विचारल्याशिवाय सांगू नकोस.

ओयांतायतांबोला तब्येत कशी राहते, ते कळव. मग वरचा मुक्काम पक्का कर.