नववीचं नियोजन आठवीच्या उजळणीपासून

प्रश्न : मुलगी यंदा नववीत गेली. तिने तासातासाचं वेळापत्रक केलं, पण ते आठवडाभरही टिकलं नाही. काय चुकलं?

उत्तर : वेळापत्रक काठोकाठ भरलं की एक दिवस बुडताच पुढचं सगळं कोसळतं. आठवड्यात १० तास मिळत असतील तर ८ तासांचंच काम ठरवा. उरलेले २ तास राहून गेलेल्यासाठी मोकळे ठेवा. पण त्याआधी तिला आठवीची गणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवू द्या आणि चुका निवडा : संकल्पनाच कळली नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही? पहिल्या प्रकारच्या चुका आधी हातात घ्या. अवयव पाडता येत नसतील तर पुढे वर्गसमीकरणं अडतात. गुणोत्तर कच्चं असेल तर त्रिकोणमिती नुसती घोकावी लागते. ही डागडुजी पहिल्या महिन्यातच करा, नंतर खरोखर वेळ सापडत नाही.

वेळापत्रकात ‘गणित’ असं मोघम लिहू नये. ‘अवयव, ६ उदाहरणं, पुस्तक मिटून’ असं लिहावं. शिकलेला भाग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने न बघता लिहून काढायला सांगा. नुसतं वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि तेच ‘येतं’ असं मुलं धरून चालतात.