वाचकांचे प्रश्न : कॉइलओव्हर बसवताना आणि जुळवताना

मूळ सस्पेन्शन काढून त्याजागी उंची आणि डॅम्पिंग जुळवता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि तिचे हेलकावे शमवणारा डॅम्पर यांची एकत्र जोडणी) बसवण्याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण चांगला संच चुकीचा जुळवला तर तो मूळ सस्पेन्शनहून वाईट चालतो आणि आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेले उभे खांब) आहेत. त्यांच्या जागी 5 किलो प्रति मिलिमीटर रेटच्या (1 मिलिमीटर दाबायला 5 किलो जोर लागणाऱ्या) स्प्रिंगचे कॉइलओव्हर बसवले. गाडी जरा मऊ वाटली म्हणून स्प्रिंगखालची रिंग आवळली. गाडी कडक झाली खरी, पण आता खड्ड्यातून जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही का?

उत्तर : होत नाही. स्प्रिंगचा रेट तिच्या तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो; रिंग फिरवून यांतले काहीच बदलत नाही.

हिशेब करून पाहू. चाक, ब्रेक वगैरे वगळता पुढच्या एका कोपऱ्यावर गाडीचे 300 किलो वजन येते असे धरू. स्ट्रट प्रकारात चाक जितके वर-खाली होते जवळजवळ तितकीच स्प्रिंग दबते, त्यामुळे गाडी जमिनीवर उभी असताना ती 60 मिलिमीटर दबलेली असेल आणि गाडी जॅकवर उचलली की चाक तेवढेच खाली येईल. आता रिंग आवळून स्प्रिंग आधीच 10 मिलिमीटर दाबून ठेवली, म्हणजेच प्रीलोड दिला, तर 50 किलोचा जोर तिच्यात अगोदरच साठतो आणि राहिलेल्या 250 किलोंसाठी तिला आणखी 50 मिलिमीटरच दबावे लागते. परिणामी गाडी 10 मिलिमीटर वर उचलली जाते, चाकाला खाली जाण्यासाठी मिळणारी जागा 60 वरून 50 मिलिमीटरवर येते आणि वर जाण्यासाठीची तेवढीच वाढते. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला मात्र पूर्वीप्रमाणेच 5 किलो लागतात.

आपल्याला जाणवलेला कडकपणा आणि तो ‘टक्’ आवाज यांचे कारण बहुधा एकच आहे. चाक खड्ड्यात उतरू लागते, तोच डॅम्परचा दांडा पूर्ण बाहेर येऊन अडतो आणि त्या झटक्याने गाडी खाली ओढली जाते. रिंग उत्पादकाने सांगितलेल्या प्रीलोडवर परत आणावी. बहुतेक संचांत तो काही मिलिमीटरच असतो.

दुसरे असे की, आपली गाडी ‘मऊ’ होती हेच मला पटत नाही. 300 किलोंखाली 5 किलो रेटची स्प्रिंग म्हणजे सेकंदाला सुमारे 2 हेलकावे. आरामासाठी घडवलेल्या गाड्यांत ही संख्या साधारणपणे 1 ते दीडच्या आसपास ठेवतात. त्यामुळे आपल्याला मऊपणा वाटला तो स्प्रिंगचा नसून डॅम्पिंग कमी असल्याने गाडी उसळल्यावर लवकर न थांबण्याचा असावा, आणि त्याचा इलाज रिंगवर नाही, डॅम्परच्या नॉबवर आहे. हा हिशेब डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या) सस्पेन्शनला जसाच्या तसा लावू नये. तिथे चाक 1 मिलिमीटर हलले की स्प्रिंग, समजा, 0.7 मिलिमीटर दबते आणि चाकाशी मिळणारा रेट या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे तीच 5 किलोची स्प्रिंग तिथे जेमतेम 2.45 किलोची ठरते. दुसऱ्याच्या गाडीतला स्प्रिंग रेट ऐकून आपल्या गाडीसाठी स्प्रिंग मागवणारे इथेच फसतात.

प्रश्न : मग गाडीची उंची नेमकी कशाने बदलायची?

उत्तर : ते आपल्या संचाच्या रचनेवर अवलंबून आहे. काही संचांत डॅम्परची पूर्ण नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरते. तिथे प्रीलोड एकदा ठरवून स्प्रिंगची रिंग लॉक करावी आणि उंची फक्त खालच्या ब्रॅकेटने बदलावी, म्हणजे डॅम्परच्या हालचालीची लांबी कायम राहते. नळीचे किमान किती आटे ब्रॅकेटमध्ये असलेच पाहिजेत याची मर्यादा उत्पादक देतो आणि ती ओलांडणे धोक्याचे आहे. साध्या रचनेत स्प्रिंगची रिंग हेच उंचीचेही साधन असते. तिथे गाडी फार खाली घेतली तर चाक लोंबताना स्प्रिंग बैठकीतून सैल होते, म्हणून मुख्य स्प्रिंगला जोडून दिलेली छोटी हेल्पर स्प्रिंग काढून टाकू नये.

उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरमधील हवेचा फरक आड येत नाही. जॅकवरून उतरवल्याबरोबर घेतलेले माप खोटे असते. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून आणि चारही कोपरे दाबून-सोडून मगच मोजावे.

प्रश्न : हे काम घरी करता येईल का? सोबतच्या पत्रकात सर्व पायऱ्या दिल्या आहेत.

उत्तर : हत्यारे आणि सपाट, पक्की जमीन असेल तर करता येईल, पण पत्रकात जे एका ओळीत उरकलेले असते तिथेच घोडे पेंड खाते.

सर्वांत धोकादायक पायरी जुना स्ट्रट सुटा करण्याची आहे. नव्या संचात टॉप माउंट (स्ट्रटचे वरचे टोक गाडीला जोडणारे भाग) तयार आले असतील तर जुना स्ट्रट उघडण्याची गरजच नाही; जुनेच टॉप माउंट वापरायचे असतील, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दोन्ही बैठकींवरून सैल होईपर्यंत दाबल्याशिवाय वरचा मधला नट सोडू नये. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद असते. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याने एवढा भाग गॅरेजकडून करून घ्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, स्टँड लावावेतच.

स्ट्रट सोडण्याआधी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून मोकळी करावी आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आधार देऊन बांधून ठेवावे. ते बाहेरच्या बाजूला कलंडले तर होजवर ताण येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. नवा दांडा पकडीने धरू नये, कारण त्यावर ओरखडा उठला की सील फाटून तेल गळू लागते. वरचा नट आवळताना दांडा ॲलन कीने स्थिर धरावा. इम्पॅक्ट गन इथे वापरू नये. ती दांड्यालाच गरगर फिरवते. नायलॉनचे सेल्फ-लॉक नट पुन्हा न वापरता नवे घ्यावेत आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे द्यावा.

याहून अधिक वेळा चुकणारी गोष्ट रबरी बुशची आहे. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. त्याच्या बुशमधली आतली नळी बोल्टने जखडलेली असते आणि आर्म हलतो तेव्हा तिच्याभोवतीचे रबर पिळले जाते. चाके लोंबत असताना हे बोल्ट पक्के आवळले तर ती लोंबती स्थितीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेले राहते, गाडी अपेक्षेपेक्षा उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून हे बोल्ट आधी हातानेच बसवून घ्यावेत आणि शेवटचा टॉर्क गाडीचे वजन चाकांवर आल्यावर, ठरवलेल्या उंचीवर द्यावा. उंची नंतर बरीच बदलली तर ते एकदा सैल करून पुन्हा आवळावे लागतात, हे कंटाळवाणे असले तरी टाळू नये.

प्रश्न : गाडी 40 मिलिमीटर खाली घेतल्यापासून पुढचे टायर आतल्या कडेने झिजत आहेत. ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणे) वाढल्यामुळे असे होणारच, असे गॅरेजमध्ये सांगतात. शिवाय वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकल्यासारखी का वाटते?

उत्तर : कॅम्बरचा वाटा आहे, पण मला खरा संशय ‘टो’चा (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा) आहे. उंची बदलली की टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि त्यासोबत टोही बदलतो. चाक प्रवासाच्या दिशेशी केवळ 1 अंशाने तिरके असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे 17 मीटर आडवे फरफटते. टायर इतका वेगाने खाण्याची ताकद दीड-दोन अंशांच्या कॅम्बरमध्ये नाही. आधी उंची कायम करावी, मग कॅम्बर बसवावा आणि सर्वांत शेवटी टो, कारण स्ट्रटच्या गाडीत कॅम्बर हलवला की टो हलतोच. अलाइनमेंटनंतर ‘अजून थोडी खाली’ घेतली की ते सर्व काम वाया गेले असे समजावे.

झुकण्याविषयी आपले निरीक्षण बरोबर असू शकते. स्ट्रटची गाडी खाली घेतली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकाहून वर जाऊ लागते आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो. दोघांमधले अंतर वाढल्याने गाडीला झुकवणारा जोर वाढतो. त्यातच वरच्या दिशेची हालचाल कमी उरल्याने वळणात बंप स्टॉप (हालचालीच्या शेवटी अडवणारा मऊ तुकडा) लागतो आणि गाडी एकाएकी पकड सोडते. 40 ऐवजी 20-25 मिलिमीटरवर समाधान मानले तर दिसण्यात थोडे कमी आणि चालण्यात बरेच जास्त मिळेल. हेडलाइटची दिशाही पुन्हा तपासावी.

प्रश्न : डॅम्परच्या नॉबला 32 क्लिक आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : उत्पादकाने आकडा दिला असेल तर तिथून, नसेल तर मधून. नॉब हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला नेऊन तिथून मागे क्लिक मोजावेत, म्हणजे चारही डॅम्परसाठी आरंभबिंदू सारखा राहतो. शेवटाला जोर लावला तर आतली सुई बिघडते. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखेच क्लिक ठेवून एका वेळी एकच ॲक्सल दोन-तीन क्लिकनी बदलावा आणि ओळखीच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहावे.

एकच नॉब असलेल्या डॅम्परमध्ये तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडण्याचा वेग बदलतो. तो फार मऊ असेल तर उंचवट्यानंतर गाडी एकदा-दोनदा जादा डोलते. फार कडक असेल तर एकामागून एक खड्डे आल्यावर चाकाला पुरते खाली यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक धक्क्यागणिक गाडी थोडी बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. या दुसऱ्या अवस्थेला ‘स्पोर्टी’ म्हणून मिरवणारे पुष्कळ आहेत. गाडी एका डोलण्यात शांत होईल इतपतच कडकपणा रस्त्यावर पुरे.

प्रश्न : कॉर्नर वेट (चारही चाकांवरचा भार मोजून जुळवणे) करून घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : रोजच्या वापराच्या गाडीला दोन्ही बाजूंची उंची सारखी असणे पुरते. ट्रॅकवर नेणाऱ्यांनी जरूर करावे. एक पाय लांब असलेल्या टेबलाप्रमाणे, एका कोपऱ्याची रिंग वर केली की त्या कोपऱ्यावरचा आणि त्याच्या कर्णासमोरच्या कोपऱ्यावरचा भार वाढतो आणि उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. दोन्ही कर्णांवर प्रत्येकी 50 टक्के भार यावा हे लक्ष्य. वजन घेताना चालकाइतके वजन त्याच्या आसनावर ठेवावे, टायरमधील हवा नेमकी भरावी आणि स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही बाजूंची चाके जोडून झुकणे कमी करणाऱ्या दांड्याचे) लिंक रॉड एका बाजूने सोडून ठेवावेत, नाहीतर बारमध्ये अडकलेला पीळ काट्यावर वजन म्हणून दिसतो.

प्रश्न : स्टिअरिंग फिरवताना पुढून ‘टणक्’ असा आवाज येतो. नवा डॅम्पर खराब निघाला असेल का?

उत्तर : डॅम्परला दोष देण्याआधी टॉप माउंटचे बेअरिंग पाहावे. ते अडकत असेल किंवा उलटे बसले असेल तर स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर सहज न फिरता पिळली जाते आणि मग एकदम सुटते. बॉनेट उघडून एकाने स्टिअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने बोटे आत न घालता स्प्रिंगकडे पाहत राहावे, झटका दिसतोच. तसे नसेल तर वरचा मधला नट, स्प्रिंगखालची लॉक रिंग आणि लिंक रॉडचे नट या क्रमाने टॉर्क तपासावा. नव्या संचाची ही तपासणी पहिल्या काही शे किलोमीटरनंतर आवाज नसला तरी करायचीच असते.